बेसबॉल शोकेस : पैसे भरण्यापूर्वी

दोन दिवसांच्या शोकेसची फी हजार डॉलर असेल, तर घराला कुलूप लावल्यापासून परत येईपर्यंत अडीच हजार धरून चाला. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांवर हा हिशेब साधारण दहावीच्या वर्षी येऊन पडतो. तोपर्यंत शाळेचा संघ, शनिवार-रविवारची ट्रॅव्हल टीम आणि त्यापायी हुकलेले मराठी मंडळाचे कार्यक्रम, एवढंच असतं. मग मैदानाच्या कडेच्या फोल्डिंग खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी सहज विचारतं, "या समरला कुठल्या शोकेसला नेताय?" आपला मुलगा मागे पडतोय की काय, या धास्तीने त्याच रात्री क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. या धास्तीवर एक अख्खा व्यवसाय उभा आहे. तो लबाडीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण नेमके कशाचे पैसे मोजतोय, हे कळल्याशिवाय त्यात उतरू नये.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि माझा मुलगा कॅचर आहे. पुढचे आकडे आमच्या घरच्या वहीतले आणि बरोबरच्या पालकांशी ताडून पाहिलेले आहेत. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात ते थोडे इकडेतिकडे होतील.

तिथे होतं काय

शोकेस म्हणजे कॉलेजच्या कोचांसमोर मुलांची मोजमापं आणि त्यानंतर थोडा खेळ. सकाळी पाठीवर नंबर लावून सगळ्यांना साठ यार्ड पळवतात, हल्ली बहुतेक ठिकाणी लेझरवर. सात सेकंदांच्या आत आला तर बरा, ६.८ च्या खाली आला तर कोचांच्या नजरेत भरतो. मग आउटफिल्डर लांबून होमकडे चेंडू फेकतात, इनफिल्डर मैदानाच्या एका टोकाहून फर्स्ट बेसला, आणि प्रत्येक फेकीचा वेग रडार गनवर मोजला जातो. बॅटिंगला प्रत्येकाच्या वाट्याला मोजके चेंडू येतात. बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटला याची नोंद होते. पिचरला पंधरा-वीस चेंडू टाकायला मिळतात. दुपारी सामने होतात, पण त्यात प्रत्येक जण दोन-तीन डाव खेळतो आणि बॅट हातात एक-दोनदाच येते.

कॅचरची परीक्षा याहून लहान. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक जिथे बसतो तिथे गुडघे दुमडून बसायचं आणि आलेला चेंडू झटक्यात उठून सेकंड बेसला फेकायचा. चेंडू ग्लव्हमध्ये आपटल्याचा आवाज झाला की जाळीमागे चार-पाच अंगठे एकदम स्टॉपवॉचवर दाबले जातात, आणि तो सेकंडवरच्या मुलाच्या ग्लव्हमध्ये पोचला की पुन्हा. मधल्या वेळाला पॉप टाइम म्हणतात. दोन सेकंद आला की कोच मान वर करून पाठीवरचा नंबर बघतात. २.३ आला की पेन हलत नाही. अशा साधारण सहा फेकी मिळतात, म्हणजे सगळे मिळून बारा सेकंद. महिनोन्‌महिन्यांची तयारी, विमान, हॉटेल, भाड्याची गाडी, सगळं त्या बारा सेकंदांसाठी.

यातून जो निष्कर्ष निघतो तो बहुतेक पालक उशिरा काढतात. एवढ्या वेळात अनोळखी मुलगा कुणाच्या नजरेत भरेल ही आशा फार महाग आहे. कोचांच्या हातात खेळाडूंची यादी असते. त्यात नाव, नंबर, हायस्कूल कधी संपणार ते वर्ष, जागा, उंची, वजन आणि बऱ्याचदा जीपीए. ज्यांच्या ईमेल आधी आल्या, ज्यांचे व्हिडिओ पाहून झाले, त्या नावांवर खुणा करूनच ते येतात. मुलगा व्हिडिओत दिसला तसाच प्रत्यक्षात आहे का, हे बघणं त्यांचं काम. शोकेसचे पैसे या पडताळणीसाठी मोजायचे. पडताळण्यासारखं काही आधी पाठवलेलंच नसेल, तर ते पैसे वाया गेले असं समजा.

खर्च कुठे कुठे जातो

राज्यातल्या राज्यात होणारी एक दिवसाची शोकेस दोनशे-तीनशे डॉलरमध्ये होते. पेट्रोल, जेवण धरूनही चारशेच्या आत घरी परत. प्रेप बेसबॉल, परफेक्ट गेम या संस्थांचं नाव या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतं. त्यांच्या नोंदणीकृत शोकेसमध्ये मोजलेले आकडे संकेतस्थळावर मुलाच्या नावावर राहतात आणि कोच तिथे जाऊन बघतात. म्हणून पहिली शोकेस अशी, जवळची, स्वस्त, फक्त आकडे मिळवण्यासाठी करावी. तिथे कुणी बघायला आलंय की नाही, याची फिकीर करू नये.

दुसरा प्रकार दोन दिवसांचा, बाहेरगावचा. अभ्यासात वरच्या कॉलेजांचे अनेक कोच एकाच मैदानावर आणणाऱ्या शोकेसची फी हजार डॉलरच्या आसपास किंवा वर असते. न्यू जर्सीहून जॉर्जिया किंवा फ्लोरिडाला मुलगा आणि एक पालक जाणार असं धरा. विमानाची दोन तिकिटं साडेपाचशे. हॉटेल तीन रात्री, दीडशेच्या दराने साडेचारशे. भाड्याची गाडी आणि पेट्रोल दोनशे. खाणं आणखी दोनशे, कारण सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर उन्हात खेळून आला की एका बुरिटोवर भागत नाही. बॅट विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, त्यामुळे किटबॅग सामानात टाकावीच लागते. तिचे जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी डॉलर. झाली बेरीज सुमारे अडीच हजार. आम्ही थेपले, उकडलेली अंडी आणि फळं घरून कूलरमध्ये न्यायचो तेव्हा खाण्याचा खर्च निम्म्यावर यायचा, पण ते गाडीने जाता येईल तिथेच जमतं.

काही ठिकाणी "स्टे टू प्ले" अशी अट असते, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरायचं. ही अट ट्रॅव्हल टीमच्या टूर्नामेंटना जास्त लागते. तीन मैलांवर निम्म्या दरात खोली दिसत असली तरी घेता येत नाही. शिवाय मैदानाच्या फाटकावर पालकांना तिकीट असतं, पार्किंग वेगळं. हे आकडे नोंदणीच्या पानावर ठळक दिसत नाहीत, शोधावे लागतात.

सामानाचं बोलायचं तर हायस्कूल आणि कॉलेजला बीबीकोर प्रमाणपत्राचीच मेटलची बॅट चालते. नवी घ्याल तर तीनशे ते पाचशे डॉलर. मुलं दरवर्षी नवीन मॉडेल मागतात. मागच्या वर्षीचं मॉडेल हिवाळ्यात निम्म्याला मिळतं आणि चेंडूला वर्ष कळत नाही. बऱ्याच शोकेसमध्ये लाकडी बॅटने खेळवतात, म्हणून ती एक वेगळी, आणि मोडते म्हणून दुसरी जवळ ठेवायची. कॅचरच्या पालकांना हेल्मेट, छातीचा आणि पायांचा पॅड यांचे आणखी तीनशे-चारशे.

आयोजकांकडून व्हिडिओ विकत घेण्याची गरज नाही. फोन, ट्रायपॉड आणि दुपारचा चांगला उजेड पुरतो. कॅचरचा व्हिडिओ घेताना आवाज बंद करू नका. कोच ग्लव्हच्या दोन आवाजांवर स्वतः स्टॉपवॉच लावून बघतात. तीन मिनिटांच्या आत संपवा, सुरुवातीला नाव, वर्ष आणि फोन नंबर, पार्श्वसंगीत अजिबात नको.

वर्षभराचा हिशेब मांडला तर ट्रॅव्हल टीमची फी दोन ते पाच हजार, खासगी कोचिंग तासाला साठ ते शंभर, त्यात दोन शोकेस, दोन-तीन कॉलेज कॅम्प, बॅट आणि बूट. आकडा दहा हजारांच्या घरात जायला फार मोकळा हात लागत नाही.

स्कॉलरशिपमध्ये वसूल होईल का

पुण्याचे नातेवाईक फोनवर हाच प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर बहुधा "नाही" असं आहे. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्याच आकडेवारीनुसार हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे सात जण कॉलेजात तिच्या कुठल्याही डिव्हिजनला खेळतात, सर्वांत वरच्या डिव्हिजन वनला जेमतेम दोन. आणि खेळले तरी पूर्ण स्कॉलरशिप बेसबॉलमध्ये क्वचितच असायची. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला ११.७ स्कॉलरशिप देता येत, आणि त्या बऱ्याच मुलांत वाटल्या जात. म्हणजे पाव फी माफ, फार तर निम्मी. २०२५ च्या जूनमध्ये, खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी १ जुलैपासून ती मर्यादा गेली. त्यांना आता चौतीस खेळाडूंची मर्यादा आहे आणि त्या सगळ्यांना स्कॉलरशिप देण्याची मुभा. पण मुभा मिळाली म्हणजे पैसे आले असं नाही. श्रीमंत कॉलेजं देतील, बाकीची पूर्वीइतकंच. दुसरीकडे पूर्वी चाळीसपर्यंत मुलं ठेवणाऱ्या संघांत जागा कमी झाल्या, आणि कॉलेज बदलणाऱ्यांच्या ट्रान्सफर पोर्टलमधून एकवीस वर्षांचे तयार खेळाडू मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलावर पैसे कोण लावणार? हायस्कूलच्या मुलांना याचा सर्वांत मोठा फटका बसला आहे.

डिव्हिजन टूमध्ये एका संघाला नऊ स्कॉलरशिप, त्याही तुकड्यांत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, आणि आयव्ही लीगमध्येही नाही.

तरीही आपल्यासारख्या घरांसाठी खरी गंमत डिव्हिजन थ्रीमध्येच आहे. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, टफ्ट्स, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट हे सगळे तिथेच खेळतात. कॅलटेकही तिथलाच, त्यांचा बेसबॉल संघ सलग २२८ सामने हरला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत एकदाचा जिंकला, त्याची बातमी देशभर झाली. डिव्हिजन थ्रीतल्या या नामवंत कॉलेजांपैकी काहींत कोच बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मुलाचे मार्क अ‍ॅडमिशन ऑफिसकडे आधीच बघायला देतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून होकारार्थी खूण आली आणि कोचने आपल्या यादीत घेतलं, तर जिथे शंभरातले नव्वद अर्ज नाकारले जातात तिथला दरवाजा बराच उघडतो. हा फायदा मोठा आहे. पण तो प्रवेशाचा आहे, फी माफीचा नाही. विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट फक्त घरच्या आर्थिक स्थितीनुसार मदत देतात. आयटीतले दोन पगार असणाऱ्या घराला ती फारशी मिळणार नाही, आणि राहणं-जेवण धरून वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास भरावे लागतील. याउलट डिव्हिजन थ्रीतली, कमी नावाजलेली खासगी कॉलेजं चांगल्या मार्कांवर फीत भरघोस सूट देतात. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. शोकेसच्या यादीतल्या कॉलेजांचा हिशेब त्यात आधी घालून बघावा. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या कॉलेजची फी परवडणारच नाही, त्याच्या कोचसमोर साठ यार्ड पळायला विमानाने कशाला जायचं?

बेसबॉलमधून थेट पैसा कमावणारी मुलं वेगळी. फ्लोरिडात वाढलेला, भारतीय आईवडिलांचा अर्जुन निम्मला २०२३ च्या मेजर लीग ड्राफ्टमध्ये टोरांटो ब्लू जेजनी पहिल्या फेरीत विसाव्या क्रमांकावर निवडला, तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्या देशी बेसबॉल-घरांत उत्साहाची लाट आली. त्या दर्जाच्या मुलांना स्काउट स्वतः शोधत येतात. आपल्याला फीचे स्मरणपत्र येत असेल, तर आपण त्या रांगेत नाही.

"तुमच्या मुलाला खास निमंत्रण"

कॉलेजच्या लोगोसह ईमेल येते : आमच्या प्रॉस्पेक्ट कॅम्पला तुम्हाला निमंत्रित करताना आनंद होतो. आई-बाबा फॉरवर्ड करतात, आजी-आजोबा पेढे वाटायच्या बेतात. डिव्हिजन वनच्या कॉलेज कॅम्पना एनसीएएचा नियम असा आहे की ते सर्वांना खुले असले पाहिजेत. वय, इयत्ता, जागांची संख्या अशा मोजक्या बाबींवरच मर्यादा घालता येते. त्यामुळे नाव, शाळा, पत्ता हाती लागला की निमंत्रण जातं. कॅम्पची फी शंभर ते तीनशे डॉलर असते आणि अनेक ठिकाणी त्यातून सहायक कोचांच्या उत्पन्नाला हातभार लागतो. कॅम्प वाईट नसतात, त्या कॉलेजात जायचंच असेल तर शोकेसपेक्षा उपयोगी. पण जाण्याआधी एवढं बघा : कोचने मुलाचा विशिष्ट व्हिडिओ, विशिष्ट सामना याचा उल्लेख केला आहे का? फोन नंबर दिला आहे का? तुमच्या मुलाच्या जागेवर त्या वर्षी त्यांना किती जण हवेत, हे विचारल्यावर सरळ उत्तर येतं का?

याच वेळी रिक्रूटिंग कंपन्यांचे फोन सुरू होतात. एका कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला संध्याकाळी तासभर स्क्रीनवर आलेख दाखवले आणि "आज रात्री निर्णय घेतलात तर" असं सवलतीचं गाजर पुढे केलं. पॅकेज काही हजार डॉलरचं होतं. ते जे करून देणार होते त्यातलं बहुतेक, म्हणजे प्रोफाइल, व्हिडिओ, कोचांचे ईमेल पत्ते, मुलगा फुकट करू शकतो. कोचांचे पत्ते कॉलेजच्या संकेतस्थळावर उघडे असतात.

नोंदणीपूर्वी विचारायचे प्रश्न

आयोजकांना फोन करा, ईमेलवर गोल गोल उत्तरं येतात. गेल्या वर्षी कोणकोणत्या कॉलेजांचे कोच प्रत्यक्ष आले होते, निमंत्रित केले होते असं नव्हे? एका सत्रात खेळाडू किती आणि त्यात तुमच्या मुलाच्या जागेचे किती? साठ कॅचर आणि आठ कोच असतील, तर गणित तुम्हीच करा. कोच नुसते बसून बघणार की संघ चालवणार? काही शोकेसमध्ये कॉलेजचे कोचच मुलांना सराव देतात, डगआउटमध्ये बरोबर बसतात. तिथे मुलगा बोलतो कसा, चुकला की वागतो कसा, हेही त्यांना दिसतं, आणि माझ्या मते हजार डॉलर देण्यासारखी असेल तर हीच जागा. मोजलेले आकडे लेखी मिळतील का? पाऊस पडला तर काय? जुलैत दुपारच्या गडगडाटी पावसाने मैदान बंद होणं नित्याचं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे परत न मिळता पुढच्या वर्षासाठी क्रेडिट मिळतं. बारावीतल्या मुलाला पुढच्या वर्षाचं क्रेडिट काय कामाचं?

तारीखही बघून घ्या. एनसीएएच्या कॅलेंडरमध्ये डेड पीरियड असतात. त्या दिवसांत डिव्हिजन वनचे कोच मैदानावर येऊच शकत नाहीत, मग जाहिरातीत कुणाचेही लोगो असोत. तसंच, डिव्हिजन वनचे कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं बोलू शकत नाहीत. आठवी-नववीच्या मुलाला राष्ट्रीय शोकेसला नेणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा. डिव्हिजन थ्री आणि अभ्यासू कॉलेजांचा खरा हंगाम बारावीच्या आधीचा उन्हाळा. पैसे तेव्हासाठी राखून ठेवा.

खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या नोंदणीला डिव्हिजन वन किंवा टूसाठी शंभर डॉलरच्या थोडी पुढे फी आहे. डिव्हिजन थ्रीच ठरलं असेल तर फुकटचं प्रोफाइल पुरतं. डिव्हिजन वन-टूची सोळा कोअर विषयांची अट मात्र नववीपासून बघायची, नाहीतर पॉप टाइम कितीही सुरेख असो, कागदावर अडकतं.

एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर मुलं असणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. कॉलेज देतं ती स्कॉलरशिप मुलाला घेता येते, पण केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, आणि नाव-प्रतिमेच्या जाहिरातींतून किंवा कॉलेजच्या महसुलातून मिळणारा पैसा हा कामाच्या परवान्याचा प्रश्न होतो. कुठेही सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारा. हा खर्च टाळू नका.

कुंपणाबाहेर

ईमेल मुलाने लिहायची, फोन मुलाने करायचा, बॅग मुलाने उचलायची. कोच हे सगळं बघतात. एका शोकेसमध्ये जाळीला नाक लावून एक बाबा मराठीत ओरडत होते, "अरे खांदा सोड, खांदा!" शेजारच्या कोचला अक्षर कळलं नसेल, पण त्याने एकदा त्या बाबांकडे बघितलं, मग यादीकडे. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मुलगा मात्र पुढच्या चेंडूलाही खांदा आवळूनच उभा राहिला.

आमच्या अनुभवाचा निवाडा असा : आकड्यांसाठी जवळची एक स्वस्त शोकेस, बारावीच्या आधी निवडक कोच असलेली एक महागडी, आणि मुलाला खरोखर आवडलेल्या एक-दोन कॉलेजांचे कॅम्प. एवढं पुरतं. महागड्या शोकेसची नोंदणी करण्यापूर्वी येणाऱ्या कोचांची यादी मागा, त्यातली परवडणारी आणि मुलाला जायला आवडतील अशी दहा कॉलेजं निवडा आणि त्या दहांना मुलाकडून व्हिडिओसह ईमेल जाऊ द्या. पंधरा दिवसांत एकाचंही उत्तर आलं नाही, तर त्या शोकेसचे पैसे भरू नका.